निरगुडीचं कुंपण

बेळगावात वडगावच्या पलीकडे जिथं वीस वर्षांमागं बासमतीचं भात डोलायचं, तिथं आता प्लॉट पडलेत. प्लॉट पाडणाऱ्यांनी नकाशावर बाग दाखवली, मैदान दाखवलं, देवळाची जागासुद्धा दाखवली. पाणी तेवढं दाखवलं नाही. ते जूनच्या अखेरीस येतं आणि दिवाळीपर्यंत मुक्काम ठोकतं. माती काळी, चिकण, एकदा चपलेला धरलं की चप्पल ठेवून पायच तेवढा परत देणारी. असल्या जागी रघुवीरांनी निवृत्तीनंतर घर बांधलं. शहापुरातल्या दोन खोल्यांत उभी हयात गेली होती आणि बायकोला चार झाडं लावायची होती. एवढी साधी इच्छा आणि तीसुद्धा नेमकी अशा पाणथळीत पुरी करायला जावं, म्हणजे नशिबाची कमालच म्हणायची.

रघुवीर टपाल खात्यात छत्तीस वर्षं होते. नुसतं अक्षर बघून पत्र निपाणीचं की खानापूरचं हे सांगायचे म्हणे. अर्धवट पत्त्याचं पाकीटसुद्धा त्यांच्या हातून कधी परत गेलं नाही, दोन दिवस खिशात घेऊन हिंडतील पण घर शोधतील. माणूस सरळ, शिस्तीचा, आवाज न चढवणारा. एकच खोड होती. जगात प्रत्येक गोष्टीला तिचा बरोबर खण असतो आणि नीट शोधला तर तो सापडतोच, असं त्यांना मनापासून वाटायचं. या समजुतीपायी पुढं त्यांनी जे सोसलं, ते दुसऱ्या कुणी सोसलं नसतं; दुसऱ्यानं आधीच हात टेकले असते.

बायको कंग्राळीच्या शेतकरी घरातली. माहेरचं नाव बायाक्का. लग्नात सासूनं ताटातल्या तांदळात रघुवीरांकडून ‘कल्याणी’ असं लिहवून घेतलं आणि त्या दिवसापासून ती कल्याणी झाली. चव्वेचाळीस वर्षं या नावानं तिनं ओ दिली. मग एका सकाळी रघुवीरांनी ‘कल्याणी, चहा’ म्हणून हाक मारली, तर ती दाराकडं बघत बसली, दुसऱ्या कुणाला तरी बोलावलंय असं समजून. त्याआधी भाजीत दोनदा मीठ पडलं होतं, गॅस उघडा राहिला होता, मुलीचं नाव घेताना ती अडखळली होती. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, आजाराचं नाव सांगितलं आणि हा उलटा फिरत नाही हेही सांगितलं. पुढं पुढं ती फक्त बायाक्का या हाकेला वळायला लागली. रघुवीरही मग बायाक्काच म्हणू लागले. स्वतःच्या बायकोला तिच्या लग्नाआधीच्या नावानं हाक मारताना त्यांना आपण परके झाल्यासारखं वाटायचं, आणि ते खोटंही नव्हतं.

घरात ती कासावीस व्हायची. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या, दाराला धक्के, “मला घरला जायचंय” असा एकच धोशा. पण दार उघडून बागेत सोडली की जादू झाल्यासारखी शांत. ओल्या मातीत बसायची, ढेकळं फोडायची, गवत उपटायची, गुणगुणायची. घरात दोन घास उतरत नसत, तिथं मांडीवर ताटली दिली की भाकरी संपायची. बाई म्हणून तिचं जे काही उरलं होतं ते त्या अर्ध्या गुंठ्यात उरलं होतं. रघुवीरांना हे पक्कं कळलं होतं. त्यांना आता औषध नको होतं, चमत्कार नको होता. ती आहे तोवर तिला बाहेर बसता यावं, एवढंच हवं होतं.

अडचण अशी की बाहेर बसली की ती भाताच्या शेतातली बायाक्का व्हायची. लुगडं गुडघ्याच्या वर खोचायची. चिखलानं भरलं की सरळ सोडून नळावर टाकायची, मग अंगातली चोळीसुद्धा. आणि समोर महादेवची तीन मजली इमारत, रस्त्याच्या बाजूला साऱ्या गॅलऱ्या. एका दुपारी रघुवीरांच्या मोबाईलवर कॉलनीच्या ग्रुपमध्ये एक व्हिडिओ आला. खाली कुणीतरी विचारलं होतं, ‘ही कोण म्हातारी?’ त्याखाली हसणारे चेहरे. रघुवीरांनी तो तीन वेळा बघितला. पहिल्यांदा त्यांना कळलंच नाही की ही आपली बायको आहे.

महादेव माणूस वाईट नव्हता. त्यानं व्हिडिओ काढणाऱ्या भाडेकरूला खोली सोडायला लावली, स्वतः येऊन हात जोडले. “पर मास्तर,” तो म्हणाला, “एकाला घालवलं, दुसरा येतोय. बारा बिऱ्हाडं हायत. सगळ्यांच्या डोळ्यांवर मी हात ठेवू काय?” मास्तर म्हणजे पोस्टमास्तर, रघुवीर कधी पोस्टमास्तर झाले नव्हते, पण कॉलनीनं त्यांना परस्पर बढती दिली होती. मुलगी भैरवी निपाणीला दिलेली. ती रविवारच्या बसनं आली आणि बापाला म्हणाली, “आप्पा, आईला आतच ठेवा. लोकांच्या तोंडी तरी यायला नको.” रघुवीर म्हणाले, “आत ठेवली तर ती मरेल गं.” भैरवी रडली, पण म्हणणं तिनं मागं घेतलं नाही.

तर आडोसा हवा. रघुवीर कामाला लागले. आधी भिंत घातली. गवंड्यानं चार फूट खणलं तर खालून पाणी. तरी रेटून पाया भरला. पावसात काळी माती फुगली, भिंत आधी वाकली, मग फाटली आणि श्रावणातल्या एका सोमवारी सबंध रस्त्यावर आडवी झाली. कुणी खाली सापडलं नाही हे नशीब. मग बांबू रोवून हिरवं नेट लावलं. वारा आला की ते फडफडायचं आणि बायाक्का कानावर हात ठेवून किंचाळायची. आठवड्यात त्याच्या चिंध्या झाल्या आणि रघुवीरांना त्याचं वाईटही वाटलं नाही.

राहता राहिलं झाडांचं कुंपण. पोस्टातल्या माणसाला झाडांतलं काय कळणार? मेंदी आणि मोरपंखी यांत फरक आहे एवढं ओळखायलाच त्यांना महिना लागला. कॅम्पकडच्या रस्त्यावर शिवराजची नर्सरी होती, तिथल्या फेऱ्या सुरू झाल्या. रघुवीरांनी जुन्या डायरीत झाडांची नावं लिहिली: उंची किती, दाट किती, किती वर्षांत डोक्याच्या वर जातं. पहिल्या वर्षी मोरपंखी लावली. ऑगस्टमध्ये ती खालून तपकिरी पडली आणि दसऱ्याला काड्या झाल्या. दुसऱ्या वर्षी मेंदी. तिनं निदान गणपतीपर्यंत तग धरला. त्याच पावसात एका बाजूला अडुळसा लावून बघितला, कुणीतरी तो कुठंही येतो म्हणालं होतं. उपटून बघितलं तर मुळं काळी, बुळबुळीत, घाण वास मारणारी.

शिवराज शेवटी वैतागला. “मास्तर, झाडाचा दोष न्हाय, माझाबी न्हाय. तुमची जमीन हाय भाताची. चार महिने पाण्यात पाय ठेवून उभं राहायला झाड काय बैल हाय? बांबू लावा नायतर केवडा.” बांबूची मुळं घराच्या पायात शिरतील म्हणून रघुवीरांनी तो खोडला आणि केवड्यात साप येतात म्हणून केवडा. साप आला तर बायाक्का तो हातात घेईल, दोरी समजून. डायरीचं पान संपलं. खण सापडत नव्हता.

खरी चीड आणणारी गोष्ट ही की उत्तर घरातच होतं. या मातीत जन्मलेली, या पाण्यात कंबर मोडून काम केलेली बाई समोर बसलेली होती. तीन वर्षं शहाणा माणूस नर्सऱ्या पालथ्या घालत होता आणि तिला विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. आपल्याकडं बायकांना विचारायची रीत नाही, आणि डोकं गेलेल्या बाईला तर नाहीच नाही. त्या मे महिन्यात तिच्या शेजारी मातीत बसून, काही उत्तराच्या आशेनं नव्हे तर नुसतं बोलायचं म्हणून, रघुवीर म्हणाले, “बायाक्का, इथं कुंपणाला काय लावू गं? सगळं कुजतंय.”

तिनं ढेकूळ फोडता फोडता, मान वर न करता सांगितलं, “निरगुडी. वढ्याच्या कडंला न्हाय काय? पान्यात फांदी खोचली तरी फुटतीया. गुरंबी तोंड लावत न्हाईत.”

 इतकं सलग वाक्य ती वर्षभरात बोलली नव्हती. रघुवीरांनी तिचा हात धरला, तेव्हा तिनं तो सोडवून घेतला आणि परत ढेकळाकडं वळली. पण ते हरखून गेले. घरात जाऊन भैरवीला फोन केला आणि ओरडूनच सांगितलं, “तुझ्या आईनं सांगितलं गं! आईनंच निवडलं!” पलीकडे भैरवीला वाटलं, आता बापाचंही काहीतरी सुरू झालं.

बायाक्काचा धाकटा भाऊ नागोजी कंग्राळीहून टेम्पोत निरगुडीच्या फांद्या घालून आला. बहिणीनं त्याला ओळखलं नाही. तो तिच्या पाया पडला आणि डोळे पुसत कामाला लागला. “दाजी, हे बेष्ट झालं,” तो म्हणाला. “आमच्या वढ्याला आडवी पडली तरी मरत न्हाय ही. फक्त एक करा. पहिला पाऊसकाळ हिला हात लावू देऊ नका कुणाला. मुळं धरली की मग हत्ती आला तरी हलत न्हाय.” दोघांनी मिळून रस्त्याच्या बाजूला वीत-वीत अंतरावर दोन ओळी लावल्या, दोनशेच्या वर फांद्या. जूनमध्ये फांद्यांचे डोळे फुगले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाच-पाच बोटांची हिरवी पानं आली. रघुवीर रोज सकाळी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. कित्येक महिन्यांनी त्यांना सकाळी उठावंसं वाटत होतं.

मग पाऊस लागला. तीन दिवस, तीन रात्री, बेळगावचा तो न थांबणारा, न गडगडणारा पाऊस. बागेत घोट्यापर्यंत पाणी चढलं. चौथ्या दिवशी सकाळी जरा उघडीप झाली म्हणून रघुवीरांनी दार उघडून बायाक्काला बाहेर सोडली आणि ते दूध तापवायला आत गेले. दहा मिनिटं, फार तर पंधरा.

ते बाहेर आले तेव्हा ती ओळीच्या मध्यावर पोचली होती. कंबरेत वाकलेली, लुगडं खोचलेलं, दोन्ही हात एकसारखे चालू. काळ्या चिखलात, साठलेल्या पाण्यात, ओळीनं उभी असलेली हिरवी रोपं तिला दिसली होती. अशा दिवशी अशा रोपांचं काय करायचं असतं हे तिच्या हातांना सात वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. भाताचा तरवा उपटायचा, पाण्यात हिसडून मुळांचा चिखल धुवायचा, मूठ भरली की गवताच्या काडीनं बांधायची आणि मागं टाकायची. निरगुडीच्या शंभरावर फांद्या तिनं अशा उपटल्या होत्या. जेमतेम सुटलेली पांढरी मुळं नीट धुतलेली. मुठी बांधून मागं रांगेत ठेवलेल्या, एकसारख्या. समोर महादेवच्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती.

“बायाक्का! अगं काय केलंस हे!” रघुवीर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले असतील.

तिनं वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर चार वर्षांत न दिसलेली तरतरी होती. “उभा काय रं ऱ्हायलास?” ती म्हणाली, कुणाला कोण जाणे. “मुठी उचल की. पानी लई झालंय. आज लागण न्हाय झाली तर कवा व्हायची?”

रघुवीर चिखलातच खाली बसले. तिला थांबवायचं त्यांच्या जिवावर आलं. तिनं उरलेली ओळसुद्धा उपटली आणि मग त्या मुठी सोडून नळाजवळच्या डबक्यात चार-चार फांद्या बोटांनी खुपसत बसली, भात लावतात तशा. दुपारी ती दीड भाकर जेवली.

दुसऱ्या दिवशी रघुवीरांनी फांद्या परत ओळीत लावल्या. तिसऱ्या दिवशी तिनं परत उपटल्या. त्यांनी पुन्हा लावल्या, तिनं पुन्हा. दोरी बांधून बघितली, ती दोरीखालून गेली. घराच्या मागच्या बाजूला बसवून बघितलं, तिथं सिमेंट होतं. ती भिंत धरून रडली. नागोजीनं नव्या फांद्या आणल्या, तेव्हा त्यानं त्या दाराशी ठेवल्या आणि खाली बघतच म्हणाला, “दाजी, मुळं धरंपतूर आक्काला आत ठेवावं लागंल. न्हायतर ह्ये काय व्हायचं न्हाय.”

हे रघुवीरांनाही कळलं होतं, फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं. तिला बाहेर बसता यावं म्हणून कुंपण, आणि कुंपण यावं म्हणून तिला कोंडायची. एक पावसाळा, फार तर दोन. नंतर मग कुणाचं भय नाही, ती हवी तशी बसेल, असा हिशेब त्यांनी मनाशी मांडला. मी म्हणतो, तेव्हाच त्यांनी निरगुडी नाल्यात फेकून द्यायला हवी होती आणि गॅलरीतल्या माणसांना खुशाल बघू द्यायला हवं होतं. पण दारात बसून असलं शहाणपण सांगणं सोपं. त्यांनी तो व्हिडिओ बघितला होता, आपण नाही.

त्यांनी दाराला बाहेरून कडी बसवली. पहिले आठ दिवस ती दार बडवायची. रघुवीर आतच तिच्याजवळ असायचे, पण बागेत तण काढायला, छाटणी करायला बाहेर गेले की कडी लावून जायचे. तिच्या हाका त्यांना पाठीवर ऐकू यायच्या. “कोण हाय रं? दार काडा की!” महिन्याभरानं ती बडवायची थांबली. दिवाळीपर्यंत फेऱ्याही थांबल्या. भैरवी आली तेव्हा म्हणाली, “आई आता बरीच शांत झालीय की.” रघुवीरांनी मान हलवली. ती कशी शांत झाली ते त्यांनी रोज बघितलं होतं.

निरगुडी मात्र अशी फोफावली की बघत राहावं. पहिल्या पावसाळ्यात गुडघ्याला, उन्हाळ्यात कंबरेला. रघुवीर शेंडे खुडायचे, तशी ती खालून दाट व्हायची. दुसऱ्या पावसात तिचे पाय चार महिने पाण्यात होते आणि एक पान पिवळं पडलं नाही. शिवराज मुद्दाम बघायला आला आणि म्हणाला, “मास्तर, मी नर्सरी बंद करतो, तुमी चालवा.” दुसऱ्या दसऱ्याला ती डोक्याच्या वर चार हात गेली, शेंडे आत बागेवर झुकले, निळे तुरे आले. रघुवीर रस्त्यावर जाऊन उभे राहिले, महादेवच्या तिसऱ्या मजल्यावरही जाऊन आले. कुठूनही आतलं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाराची कडी काढली, दार सताड उघडलं आणि खाटेजवळ येऊन म्हणाले, “बायाक्का, चल. बाहेर बसू. ऊन पडलंय बघ छान.”

ती अंग चोरून भिंतीला टेकून बसली होती. आता ती खूप वाळली होती. तिनं उघड्या दाराकडं बघितलं आणि मान जोरजोरात हलवली.

“नको वो अण्णा,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “त्यो म्हातारा बगंल. दार लावणारा.”

रघुवीर खाटेच्या कडेला टेकले. “तो नाही आता,” ते म्हणाले. “गेला तो.”

“न्हाय, असतोय. तुमास्नी ठाव न्हाय. लई वंगाळ मानूस हाय.” ती खाटेवरून उतरली. किती तरी दिवसांनी आपणहून उतरली. त्यांचं मनगट धरून ती त्यांना दाराकडं ओढू लागली, आणि क्षणभर त्यांना वाटलं, येतेय ती. उंबऱ्याशी तिनं त्यांचा हात सोडला आणि दोन्ही तळवे त्यांच्या पाठीवर ठेवून त्यांना बाहेर ढकललं. “जावा तुमी, लौकर जावा. तुमी चांगलं दिसताय. तुमास्नीबी कोंडून घालंल त्यो.”

आणि तिनं आतून दार लोटून घेतलं.

रघुवीर बागेत उभे राहिले. दार ढकललं असतं तर उघडलं असतं, पण पलीकडून ती दाराला पाठ लावून उभी असल्याचा आवाज येत होता, धापेचा. कुंपणापलीकडे रस्त्यानं कुणीतरी बोलत गेलं. रघुवीर तोंडावर दोन्ही हात धरून मोठ्यानं रडले, आणि ते कुणालाच दिसलं नाही.